नव्या सॉल्टवॉटर टँकसाठी लाइव्ह रॉक: कुठला घ्यायचा, किती घ्यायचा, कुठला अजिबात नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की टँक ३६ बाय १८ बाय १८ इंचाचा आहे, म्हणजे भरून साधारण १९० लिटर, आणि पुण्यात पहिल्यांदाच सॉल्टवॉटर, म्हणजे समुद्री माशांचा टँक, करताय. एक दुकानदार जांभळा रंग चढलेला "लाइव्ह रॉक" (समुद्रातला, बॅक्टेरिया आणि बारीक जीव वसलेला दगड) किलोवर द्यायला तयार आहे, मालवणचा मित्र म्हणतोय किनाऱ्यावरून पोतंभर दगड आणून देतो, आणि कुणीतरी सांगितलंय की निदान तीस किलो तरी लागेलच. मी हे टँक सेट करून द्यायचं काम बरीच वर्षं करतोय, मुंबई-पुणे दोन्हीकडे, तर आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं. मित्राला नको म्हणा. दुकानातला माल स्वतः हातात घेऊन, वास घेऊन, कागद बघून मगच ठरवा. आणि तुमच्या टँकला तीस नाही, बारा ते पंधरा किलो चांगला सच्छिद्र ड्राय रॉक (सुका, जीव नसलेला दगड) पुरेल, सोबत एखाद्या निरोगी जुन्या टँकमधला मुठीएवढा एक जिवंत तुकडा.

आता कारणं. दगड हा शोभेसाठी नसतो, तो तुमचा फिल्टर असतो. मासा जे अमोनिया सोडतो ते बॅक्टेरिया आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. दगडाच्या वरच्या थरात ऑक्सिजन भरपूर, तिथे हे काम होतं. आतल्या बारीक छिद्रांमधे ऑक्सिजन जवळजवळ संपतो, तिथे वेगळे बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात आणि तो उडून जातो. म्हणजे दगड आतून जेवढा पोकळ तेवढं काम जास्त. म्हणून किलो मोजणं फसवं आहे. लिटरला १२० ते १८० ग्रॅम हा जो जुना हिशोब आहे (पाउंड-गॅलनमधून आलेला) तो त्या काळच्या जड मालावर बसवलेला होता, त्या हिशोबाने तुम्हाला तेवीस ते चौतीस किलो येतील आणि अर्धा टँक दगडानेच भरून जाईल, मासे पोहणार कुठे आणि पाणी फिरणार कुठे. हलका, छिद्रांनी भरलेला दगड लिटरला ६० ते ८० ग्रॅम घेतला तरी काम भागतं, वर संपमधे (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) तुकड्यांची एक टोपली ठेवली की झालं.

तसा हा प्रकार काही नवीन नाही. १९६१ मधे जकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहून ठेवलं होतं की समुद्रातला जिवंत दगड, ताजं समुद्राचं पाणी आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढ्यावर त्यांचे टँक चालतात. पुढे जर्मनीत त्याला स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) जोड मिळाली आणि बर्लिन पद्धत म्हणून ती जगभर गेली. पण त्यांच्या दाराशी समुद्र होता आणि प्रवाळांचा दगड होता. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, आणि इथेच तुमच्या मालवणच्या मित्राचा विषय येतो.

पहिली गोष्ट कायद्याची. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, सी फॅन, ऑर्गन पाइप कोरल हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल एकमधे आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. जिवंतच नाही, मेलेला पांढरा सांगाडा उचलला तरी तो त्या प्राण्याचाच भाग धरला जातो. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे, दंड वेगळा. मालवणची तर गोष्टच वेगळी, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीला प्रवाळ सापडले तेव्हा सरकारी प्रकल्पालासुद्धा वनखात्याची परवानगी काढून ते दुसरीकडे हलवावे लागले होते, तर पोत्यात भरून एसटीने पुण्याला आणणाऱ्या माणसाला कोण सोडणार. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आधीच थोडे आहेत, मोजक्या ठिकाणी तग धरून आहेत, त्यांना हौसेसाठी हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट, प्रवाळ सोडून साधा खडक आणला तरी तो कामाचा नाही. रायगड-रत्नागिरीला काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, तो घट्ट, आत छिद्रंच नाहीत. जांभा दिसायला छान छिद्राछिद्रांचा, बरेच जण त्यालाच भुलतात, पण त्यात लोह आणि चिकणमाती ठासून भरलेली असते, पाण्यात तांबडा गाळ सुटत राहतो आणि वर शेवाळाचं रान माजतं. अलिबाग-रेवदंड्याकडे करल असतो, शंख-शिंपले आणि वाळू चुन्याने सांधून झालेला, जुन्या घरांच्या भिंतींत दिसतो तोच, त्यावर व्हिनेगर टाकलं तर फसफसतो म्हणून काहींना वाटतं जमून गेलं, पण त्याचे कण सुटत राहतात आणि प्रत्येक ठिकाणचा माल वेगळा, मी तो कुणाला सुचवत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, नीट वाचा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या आपल्या खडकांवर झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले छोटे जीव) असतात, ओहोटीला चामड्यासारखे गोळा होऊन बसलेले, पिवळट-तपकिरी. त्यातल्या पॅलिथोआ जातींमधे पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. असा दगड घरी आणून कुणी "निर्जंतुक करू" म्हणून पातेल्यात उकळला की ते वाफेबरोबर घरभर जातं. परदेशात अशाने अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेलेली आहेत. दगड कधीही उकळायचा नाही, मायक्रोवेव्ह-ओव्हनमधे घालायचा नाही, त्यावर गरम पाण्याचा किंवा प्रेशरचा फवारा मारायचा नाही. हे फक्त कोकणच्या दगडाला नाही, विकत घेतलेल्या किंवा कुणाच्या टँकमधून आणलेल्या दगडालाही तेवढंच लागू आहे. घासायचा असेल तर जाड हातमोजे आणि डोळ्याला चष्मा, आणि तेही बादलीत पाण्याखाली धरून.

आता दुकानातला जांभळा माल. जांभळा किंवा गुलाबी रंग म्हणजे कोरलाइन अल्गी, चुन्याचा थर चढवणारं शेवाळ. ते खरं असेल तर दगड बराच काळ चांगल्या पाण्यात होता एवढं कळतं. पण हल्ली कारखान्यात रंगवलेला दगड पण येतो, तो वाईट असतो असं नाही, उलट चांगल्या कंपनीचा असेल तर निवांत घ्या, फक्त त्याला लाइव्ह रॉकचा भाव द्यायचा नाही. ओळखायचं कसं? खऱ्या कोरलाइनचे डाग एकसारखे नसतात, कुठे गडद, कुठे फिका, कडेला गोल गोल वाढलेले, नखाने खरवडलं तर खपली निघते आणि खाली पांढरा दगड दिसतो. रंगवलेल्याचा रंग खोबणीतसुद्धा सारखाच असतो.

दुकानात गेलात की दगड कुठल्या पाण्यात ठेवलाय ते आधी बघा. पाणी फिरतंय का, त्याच टाकीत आजारी मासे आहेत का, मिठाचं प्रमाण किती (ते मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मागा, त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही). मग दगड बाहेर काढायला सांगा आणि नाकाजवळ धरा. चांगल्या दगडाला ओहोटीच्या किनाऱ्यासारखा वास येतो, खारट, ओलसर, स्वच्छ. सडक्या अंड्याचा वास आला तर आत काहीतरी मरून कुजतंय आणि ते सगळं तुमच्या टँकमधे अमोनिया होऊन निघणार. खोबणीत बॅटरीचा प्रकाश मारा. पांढरट बुळबुळीत थर दिसला तर तो मेलेला स्पंज. काचेसारख्या पारदर्शक तपकिरी देठाचं, टोकाला लांब सोंडांचं छोटं फूल दिसलं तर ते आयप्टेशिया, तो दगड तिथेच ठेवून या, कारण एक खरवडायला जावं तर तुटलेल्या कणांतून नवीन उगवतात. हिरवे चकचकीत मण्यांसारखे गोळे म्हणजे बबल अल्गी. पिसासारखं गडद हिरवं म्हणजे ब्रायोप्सिस, हे तर भल्याभल्यांना रडवतं. केसाळ पायांचा, काळ्या टोकाच्या नांग्यांचा खेकडा असेल तर तो पुढे रात्री मासे आणि कोरल खाणार. ब्रिसल वर्मला मात्र घाबरू नका, उरलेलं अन्न खाऊन तो साफसफाईच करतो, फक्त उघड्या हाताने धरू नका, काटे टोचतात.

दगड वजनाला हलका लागला पाहिजे, आकाराच्या मानाने. सुक्या दगडावर चमचाभर पाणी ओता, लगेच आत जिरलं तर उत्तम, ओघळून गेलं तर घट्ट आहे. मग कडेला दोन थेंब व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुन्याचा आहे. संगमरवर पण फसफसतो, त्यामुळे दोन्ही परीक्षा घ्यायच्या. एखादा तुकडा बादलीत बुडवून बघा, चांगला दगड बराच वेळ बारीक बुडबुडे सोडत बसतो, आतल्या वाटांतली हवा बाहेर येत असते, आणि काही तुकडे तर पहिले काही तास तरंगतातसुद्धा. असा तरंगणारा दिसला की मी तोच आधी बाजूला काढून ठेवतो.

आणि कागद. आयात केलेला खरा लाइव्ह रॉक म्हणजे दगडी प्रवाळांचा दगड, तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) अपेंडिक्स दोनमधे येतो, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर पडता कामा नये. कुठून आला, बिल देता का, एवढं विचारा. उत्तर गोलमोल आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. पांढरेशुभ्र "कोरल बोन" म्हणून विकतात ते तर घेऊच नका, ते बहुतेक वेळा प्रवाळांचे सांगाडेच असतात.

एवढं सगळं बघता नवीन माणसाला मी ड्राय रॉकच सांगतो. जमिनीवरच्या जुन्या, सुकलेल्या रीफमधून खणून काढलेला किंवा कारखान्यात केलेला. त्यात कीड नाही, खेकडे नाहीत, आयप्टेशिया नाही, कायद्याची भीती नाही, आणि निवांत महिनाभर बाहेर ठेवून दगडांची मांडणी जुळवत बसता येतं. पण त्याच्या उणिवा पण सांगतो. चांगल्या लाइव्ह रॉकवर येणारे बारीक जीव, कोपेपॉड, अँफिपॉड, स्पंज, निरनिराळे बॅक्टेरिया, हे ड्राय रॉकवर काहीच नसतं. सगळी जागा रिकामी आणि रिकाम्या जागेवर जो आधी पोचेल तो पसरतो. म्हणून ड्राय रॉकच्या टँकला पहिले काही महिने कुरूपच जातात. आधी तपकिरी धूळ, ती डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, आपोआप जाते. मग हिरवे केस. आणि कधी कधी डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म जीव), म्हणजे तपकिरी शेंबडासारख्या तारा, त्यात अडकलेले बुडबुडे, सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त. नवीन लोक घाबरून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणतात आणि डायनोंना तेच हवं असतं, कारण स्पर्धक उपाशी मरतात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास राहू द्या, शून्य करायच्या मागे लागू नका.

म्हणूनच तो मुठीएवढा जिवंत तुकडा. कुणाच्या तरी वर्ष-दोन वर्षं नीट चाललेल्या टँकमधून घ्या, पैसे देऊन घ्या, मागायला लाजू नका, या छंदातली माणसं देतात. आधी त्यांचा टँक रात्री दिवे गेल्यावर लाल बॅटरीने एकदा बघा, काय काय फिरतंय ते तेव्हाच दिसतं. त्यांच्याच टँकच्या पाण्यात झाकणाच्या बादलीत आणा, मुंबई-पुणे अंतराला काही होत नाही, फक्त उन्हात गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. इक या आजाराच्या परजीवीचे कोष दगडाला चिकटून येतात, त्यामुळे तुकडा घातल्यावर दोन-अडीच महिने मासा न घातलेलाच बरा, यजमानच नाही म्हटल्यावर तो परजीवी संपतो. मासे आणायची घाई असेल तर तुकडा तेवढे दिवस वेगळ्या बिनमाशाच्या बादलीत ठेवा, हीटर आणि छोटा पंप लावून.

ड्राय रॉक आणला की लगेच टँकमधे टाकायचा नाही. आधी नळाच्या पाण्याने धूळ जाईपर्यंत ब्रश मारा, मग बादलीत किंवा ड्रममधे मिठाच्या पाण्यात पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून आठवडाभर ठेवा आणि फॉस्फेट टेस्ट करा. खणून काढलेल्या दगडात जुना सेंद्रिय गाळ सुकून बसलेला असतो आणि फॉस्फेट सुटत राहतं. जास्त आलं तर पाणी बदला, पुन्हा आठवडा. गाळ खूपच असेल तर पातळ ब्लीचमधे ठेवून, भरपूर धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून घ्या. अ‍ॅसिडने धुवायचा सल्ला पण मिळेल, नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये, आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर मुळीच नाही, त्यात रंग-वास-साबण असतो, आणि ब्लीच व अ‍ॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो.

लाइव्ह रॉकच घेतलात तर त्याला क्युअरिंग लागतं, म्हणजे मेलेलं सगळं कुजून निघून जाईपर्यंत वेगळं ठेवणं. अंधारात ड्रम, २५-२६ डिग्री, मिठाचं प्रमाण १.०२५ (विशिष्ट गुरुत्व), जोरदार पाणी फिरणं, दर दोन-चार दिवसांनी दगड त्याच पाण्यात झटकून, मेलेलं ब्रशने काढून पाणी बदलायचं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आणि वास गेला की झालं, दोन आठवडे लागतील किंवा सहा. एप्रिल-मेमधे पुण्यात ड्रमचं पाणी सहज तिशीच्या वर जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि दगडावरचे जीव आणखी मरतात, तेव्हा सावलीत ठेवा, वर पंखा लावा. आणि वीज गेली तर चालेल असा बॅटरीचा एअर पंप जवळ असू द्या.

मांडणीबद्दल थोडक्यात. दगड आधी तळाच्या काचेवर (खाली पातळ प्लास्टिक शीट घालून) बसवा, वाळू नंतर, कारण खणणारे गोबी मासे आणि पिस्तूल श्रिंप (एक कोळंबी) वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला ढीग कोसळून काच फुटू शकते. चारी बाजूंना काचेपासून तीन-चार बोटं अंतर, नाहीतर काच पुसायचा मॅग्नेट फिरत नाही. मागे भिंत रचू नका, पाणी न पोचणाऱ्या जागी घाण साचते. जोडायला जेल सुपरग्लू आणि एपॉक्सी दोन्ही मिळून वापरा, एकट्याने धरत नाही.

मग सायकल, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया दगडावर वाढवून घेणं. आरओडीआय फिल्टरचं शुद्ध पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, त्यात रीफ सॉल्ट, १.०२५. अमोनिया २ पीपीएमपर्यंत आणायला शुद्ध अमोनियम क्लोराइड १०० लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे तुमच्या १९० लिटरमधून दगड-वाळूची जागा वजा करून एक ग्रॅमच्या आसपास. हे रसायन म्हणजे आपला नवसागरच, कल्हईवाल्यांकडचा, पण तो बाजारातला ढेकूळ शुद्ध नसतो, लॅब ग्रेडच घ्या. बाटलीतले बॅक्टेरिया घातले तर लवकर होतं. २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की दगड कामाला लागला. लाइट तोपर्यंत बंदच ठेवा, शेवाळाला उगाच निमंत्रण नको. पहिला मासा एकच, क्लाउनफिशसारखा धट्टा, आणि पुढचा निदान दोन-तीन आठवड्यांनी.

दुकानातल्या त्या दगडाचे फोटो काढलेत तर पाठवा, पाण्याबाहेर काढून, उजेडात, खोबणीतला एक आणि कडेचा एक. त्यावरून रंगवलेला आहे की खरा ते बऱ्यापैकी सांगता येईल. आणि संप आहे का, किती लिटरचा, ते कळवा, त्याप्रमाणे दगड दोन-तीन किलोने कमी करता येईल.